घास घशाखाली उतरेना तेव्हा

पंगतीतून सर्वांत शेवटी उठणारा एक माणूस बहुतेक प्रत्येक कुटुंबात असतो. बाकीचे हात धुऊन बोलत बसतात, तरी ह्याचे ताट अर्धेच झालेले असते. आपण त्याची थट्टा करतो. लहान मूल असेल तर रागावतो. असा एक मुलगा काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात होता. दुपारच्या सुट्टीत तो पावाची कडक कड काढून बाजूला ठेवी, आतला मऊ भाग बोटांनी बारीक करी, आणि प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा एक घोट घेई. घंटा वाजली तरी त्याचा डबा रिकामा होत नसे. आम्ही त्याला रागावलो. एकदा-दोनदा नव्हे, वर्षभर रागावलो. त्याच्या वहीत आम्ही घरच्यांसाठी लिहिलेही होते, की मुलगा जेवताना रेंगाळतो, शिस्त लावावी.

तोच मुलगा सोळा वर्षांचा असताना एका लग्नात जेवायला बसला आणि कोंबडीचा तुकडा त्याच्या छातीत अडकला. पाणी प्यायला तर पाणीही वर आले. रात्री इस्पितळात दुर्बीण घालून डॉक्टरांनी तो तुकडा काढला, अन्ननलिकेच्या अस्तराचे बारीक नमुने घेतले, आणि काही दिवसांनी रोगाचे नाव कळले. ही हकीकत गणेश चतुर्थीच्या आरतीनंतर त्याच्या आईने आम्हांला सांगितली. तिच्या बोलण्यात दोषाचा एक शब्द नव्हता. तिने विचारले ते एवढेच : “गुरुजी, आता औषधाने त्याला बरे वाटते. पण ह्या रोगावर परदेशात नवी सुई निघाली आहे म्हणतात. ते खरे का? ती त्याला घ्यावी लागेल का?”

त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. मग आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले. जे समजले ते त्या माउलीसाठी आणि अशा रेंगाळणाऱ्या मुलांच्या सर्व घरांसाठी येथे लिहीत आहोत.

रोग कोणता?

डॉक्टर ह्या रोगाला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस म्हणतात. नाव लांबलचक असले तरी अर्थ सोपा आहे. इसोफेगस म्हणजे अन्ननलिका. घशापासून जठरापर्यंत जाणारी ही स्नायूंची नळी मोठ्या माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहते, आणि त्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी गर्दी करतात. म्हणून रोगाचे नाव तसे पडले.

ह्या पेशी ओळखल्या त्या जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख ह्यांनी, १८७९ साली. इओसिन नावाचा गुलाबी-तांबडा रंग टाकला की ह्या पेशींतील कण लालभडक दिसतात. पहाटेच्या लालीसाठी आपण उषा म्हणतो, ग्रीक लोक तिला इऑस म्हणत. ह्या रंगाच्या नावाचे मूळ त्या शब्दात आहे.

इओसिनोफिल हे शरीराचे जुने पहारेकरी आहेत. पोटात जंत शिरले तर त्यांच्याशी झुंजणे हे त्यांचे एक काम. जठरात आणि आतड्यांत ते थोडेफार नेहमीच असतात. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र ते जवळजवळ नसतातच. म्हणून अस्तराचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली मोठा करून पाहिला आणि एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा त्याहून अधिक इओसिनोफिल मोजले गेले, शिवाय गिळण्याचा त्रास असला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर ह्या रोगाचे निदान करतात. वरून पाहून किंवा नुसत्या रक्ताच्या तपासणीवरून ते होत नाही.

वैद्यकाच्या मानाने हा रोग नवा. १९९३ साली स्टीफन ॲटवुड ह्यांनी आणि १९९४ साली स्वित्झर्लंडमध्ये ॲलेक्स स्ट्राउमान ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. त्याआधी अशा रुग्णांना बहुधा जळजळीची औषधे देऊन घरी पाठवीत. म्हणजे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला हा रोग असेल, तर त्यांच्या तरुणपणी त्याला नावच नव्हते.

ताटावर दिसणाऱ्या खुणा

हा रोग स्वतःला लपवतो, कारण रोगी त्याच्याशी जमवून घेतो. तो घास लहान करतो, फार चावतो, पाण्याबरोबर ढकलतो, सगळे कालवणात भिजवून खातो. सुका पाव, मांस, घट्ट भात टाळतो. लोकांत जेवायला नको म्हणतो. बरीच वर्षे असे काढल्यावर त्याला विचारले, “गिळायला त्रास होतो का?” तर तो प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. ज्याला गिळण्याची दुसरी तऱ्हाच ठाऊक नाही, त्याने आणखी काय सांगावे?

अगदी लहान मुलांत खुणा वेगळ्या असतात. मूल वारंवार ओकते, अन्न पाहून तोंड फिरवते, पोट दुखते म्हणते, वजन वाढत नाही. पातळ खाण्यावरून घट्ट खाण्यावर यायला तयार नसते. मुलींपेक्षा मुलग्यांत हा रोग जास्त आढळतो. ज्या घरात दमा, खाज सुटणारा इसब, सकाळी शिंकांचा सपाटा किंवा एखाद्या अन्नाचे वावडे आहे, त्या घरात तो अधिक दिसतो.

उशीर झाला तर काय होते? स्वित्झर्लंडमधील २०० रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी १७ टक्के लोकांची अन्ननलिका आकसून अरुंद झाली होती. वीस वर्षांहून अधिक उशीर झालेल्यांत हेच प्रमाण ७१ टक्के होते. सूज जुनी झाली की तिच्या जागी वण धरतो, आणि मऊ नळी कडक होते. हा आकडा वाचला तेव्हा आम्हांला ती वही आठवली.

वावडे कशाचे?

मराठीत वावडे हा फार चांगला शब्द आहे. जे एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही, एवढेच तो सांगतो. ह्या रोगात बहुतेकांना अन्नातल्याच एखाद्या पदार्थाचे वावडे असते. १९९५ साली अमेरिकेत दहा मुलांना नेहमीचे अन्न बंद करून काही आठवडे केवळ अमिनो आम्लांचे तयार दूध दिले. आठ मुलांचा त्रास गेला आणि दोघांचा कमी झाला. अन्नाचा दोष त्यावरून उघड झाला.

परंतु हे वावडे शेंगदाणा खाऊन लगेच अंगावर गांधी उठण्यासारखे नसते. ते सावकाश, दिवसामागून दिवस चालते. त्यामुळे कातडीवर टोचून करायच्या तपासणीतून नेमका पदार्थ सापडेल असा भरवसा नाही. पदार्थ बंद करायचा, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहायचे, हाच खात्रीचा मार्ग. पूर्वी दूध, गहू, अंडी, सोया, कवचाची फळे व शेंगदाणे, आणि मासे-झिंगे असे सहा गट एकदम बंद करीत. आपल्या बेटावर हे किती अवघड ते गृहिणींना सांगायला नको. गहू बंद म्हणजे पाव, फराटा आणि दालपुरी बंद. सोया बंद म्हणजे मिन फ्रीवरचा सॉसही बंद. सुदैवाने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२९ प्रौढांपैकी काहींचे सहाही गट आणि काहींचे फक्त गाई-म्हशींसारख्या जनावरांचे दूध बंद केले. सहा गट सोडणाऱ्यांत ४० टक्के आणि केवळ दूध सोडणाऱ्यांत ३४ टक्के लोकांची सूज शमली. हा फरक एवढा लहान आहे, की आता पुष्कळ डॉक्टर आधी फक्त दूध सोडून पाहा म्हणतात. मात्र चहातले दूध, चीज, लोणी, दुधाची पूड घातलेली बिस्किटे हे सर्व त्यात आले. वाढत्या मुलाचे अन्न आपल्या मनाने तोडू नये. आहारतज्ज्ञाला विचारूनच हे करावे.

आहाराखेरीज औषधेही आहेत. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्ण बरे होतात. दुसरे औषध म्हणजे स्टेरॉइड. ते येथे श्वासावाटे आत ओढायचे नसते. दम्याच्या फवाऱ्यातील औषध तोंडात मारून गिळायचे, किंवा दुसऱ्या जातीचे औषध घट्ट द्रवात कालवून घ्यायचे, म्हणजे ते अन्ननलिकेच्या भिंतींना लेपासारखे बसते. त्यानंतर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. युरोपात ह्यासाठी तोंडात विरघळणारी खास गोळी २०१८ पासून मिळते. नळी फार आकसली असेल तर दुर्बिणीच्या मदतीने ती हळूहळू रुंद करतात.

आमचा विद्यार्थी सध्या दुधाशिवाय राहतो आणि गिळायचे स्टेरॉइड घेतो. त्याचे ठीक चालले आहे.

नवी सुई

आता त्याच्या आईच्या प्रश्नाकडे वळू. ती सुई खरी आहे. औषधाचे नाव डुपिलुमॅब. हे प्रतिपिंड आहे. शरीरात जंतू शिरला की रक्तातील पेशी त्याला नेमके चिकटणारे प्रथिन तयार करतात, त्याला प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंड एकाच गोष्टीला चिकटतो, दुसऱ्या कशाला नाही. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन ह्यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशी औषधे अनेक रोगांवर आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ येते. त्याआधीचा ‘उ’ हे प्रतिपिंड पूर्णपणे माणसाच्या प्रतिपिंडासारखे आहे असे सांगतो. शिक्षकाला अशी फोड करायला आवडते, वाचकांनी क्षमा करावी.

डुपिलुमॅब करते काय? सुजेच्या वेळी पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यांतील दोन निरोप येथे महत्त्वाचे, इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३. विशेषतः तेरावा निरोप अन्ननलिकेच्या अस्तराला पोहोचला की अस्तर सैल पडते, अन्नाचे कण आत झिरपू लागतात, आणि अस्तर स्वतःच इओसिनोफिलांना हाका मारू लागते. हे दोन्ही निरोप म्हणजे जणू दोन किल्ल्या, पण त्या लागण्यासाठी कुलपाचा एक भाग दोघींनाही लागतो. डुपिलुमॅब त्या भागावर जाऊन बसते. कुलपाच्या भोकात मेण भरावे तसे होते. किल्ल्या बाहेर कितीही असोत, दार उघडत नाही.

येथे कोणीही विचारील, की इओसिनोफिलच गोळा होतात तर त्यांनाच मारणारे औषध का देऊ नये? तेही करून पाहिले आहे. बेनरालिझुमॅब हे प्रतिपिंड इओसिनोफिल नाहीसे करते. त्याची २११ रुग्णांवरील चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. चोवीस आठवड्यांनी औषध घेणाऱ्या ८७ टक्के लोकांच्या नमुन्यात पेशी अगदी कमी झालेल्या दिसल्या, खोटे औषध घेणाऱ्यांत ६ ते ७ टक्के. तरीही गिळण्याचा त्रास दोन्ही गटांत सारखाच राहिला. म्हणजे हाकेला धावून आलेल्यांना हाकलून भागले नाही, कारण हाक मारणे चालूच होते. डुपिलुमॅब ती हाकच अडवते.

डुपिलुमॅबच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. बारा वर्षांवरील रुग्णांपैकी दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅमची सुई घेणाऱ्या सुमारे ६० टक्के लोकांच्या अन्ननलिकेतील पेशी चोवीस आठवड्यांत अगदी कमी झाल्या. खोट्या सुया घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ ते ६ टक्के होते. आणि गिळणेही सुधारले, ही त्यातली मोलाची गोष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत बारा वर्षांवरील व किमान ४० किलो वजनाच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. ह्या रोगावर तेथे मान्यता मिळालेले ते पहिले औषध. जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षावरील व किमान १५ किलो वजनाच्या मुलांसाठीही परवानगी मिळाली. लहान मुलांच्या चाचणीत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के मुलांत सोळा आठवड्यांनी पेशी तशाच कमी झाल्या, खोटे औषध घेणाऱ्यांत ३ टक्के. युरोपात मोठ्यांसाठी २०२३ च्या जानेवारीत मान्यता आली.

सुईच्या मर्यादा

आकडे आनंदाचे आहेत, पण ते नीट वाचावेत. साठ टक्के म्हणजे शंभरातील चाळीस जणांना तेवढा गुण आला नाही. ज्यांना आला त्यांचाही रोग मुळातून गेला नाही. सुई थांबली की सूज परतू शकते, म्हणून ती घेत राहावी लागते. मोठ्यांना दर आठवड्याला, कातडीखाली, मांडीत किंवा पोटावर. घरच्या घरी टोचायला शिकता येते. टोचलेल्या जागी लाली व दुखणे, सर्दी-पडसे, सांधेदुखी असे त्रास होऊ शकतात. काहींचे डोळे लाल होतात. जंत असतील तर आधी त्यांवर औषध घ्यावे लागते, कारण जंतांविरुद्धची शरीराची लढाई ह्याच निरोपांवर चालते. औषध चालू असता जिवंत जंतूंच्या लशी टाळतात, म्हणून लहान मुलाच्या लशींचे वेळापत्रक आधी पाहावे लागते.

शिवाय ते फार महाग आहे, आणि थंडीतच ठेवायचे असते, २ ते ८ अंशांत. बाहेर काढले तर २५ अंशांपेक्षा कमी उष्णतेत चौदा दिवस टिकते. चक्रीवादळात वीज गेली की आमच्या बेटावर ह्या एका ओळीचा अर्थ काय होतो, ते ज्याच्या त्याने ओळखावे.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे. बाई, सुई खरी आहे आणि चांगली आहे. ज्यांना पथ्य जमत नाही किंवा गिळायचे औषध पुरत नाही, ज्यांना दमा किंवा इसबही जोडीला आहे, अशांचा डॉक्टर तिच्यासाठी विचार करतात. दम्यावर आणि इसबावरही हेच औषध चालते. तुमच्या मुलाचे सध्याच्या उपचारावर भागते आहे. पण भागते की नाही हे त्याच्या “बरे वाटते” ह्या शब्दावरून ठरत नाही. ते पुन्हा दुर्बीण घालून पाहिल्यावर ठरते. ती तपासणी टाळू नका. नव्या औषधाची वाट पाहत चालू औषध सोडू नका.

घरी आणि शाळेत

एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. घास छातीत अडकला, आणि स्वतःची लाळही गिळता येईना, तर वाट पाहू नये, तडक इस्पितळात जावे. सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळून आधीचा घास खाली ढकलण्याचा घरगुती उपाय करू नये. अडकलेल्यावर आणखी अडकते. श्वासच बंद झाला, बोलता येईना, तर घास श्वासनलिकेत आहे. ते वेगळे संकट, आणि तेथे क्षणाचाही विलंब नको.

आम्हां शिक्षकांचे काम ह्याच्या कितीतरी आधीचे आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हांला मुलाचे अक्षर पाहायला शिकवले, उच्चार ऐकायला शिकवले, फळ्याजवळ डोळे बारीक करणारे मूल ओळखून चष्म्याची सूचना द्यायला शिकवले. मूल घास कसा गिळते हे पाहायला कोणी शिकवले नाही, आणि आमच्याही मनात ते आले नाही. आता आम्ही दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की थोडा वेळ उभे राहतो. जे मूल नेहमी शेवटी उरते, प्रत्येक घासाला पाणी मागते, पावाची कड नेहमी बाजूला ठेवते, त्याला रागवत नाही. त्याच्याजवळ बसतो आणि विचारतो, “कुठे अडते रे?” कित्येकदा काहीच नसते, गप्पा मारायच्या असतात एवढेच. पण एखादे मूल बोट छातीच्या मध्यावर ठेवते.

तेव्हा वहीत लिहायचे ते वेगळे. शिस्तीचे काही नाही. “मुलाला गिळताना त्रास होत असावा असे वाटते, कृपया डॉक्टरांना दाखवावे.” एवढी एक ओळ त्या वर्षी आम्ही लिहिली असती, तर लग्नाच्या मांडवातून एका मुलाला इस्पितळात न्यावे लागले नसते. ती ओळ आम्हांला उशिरा सुचली. वाचकांपैकी कोणाला ती वेळेवर सुचावी, म्हणून हा लेख.